खांद्यावरून टाकलेला काटा

चेंदणी कोळीवाड्यात जनीपासून झाकून राहिलेलं कालवण कुणी पाहिलं नव्हतं. "काय गो रांधलंस?" असं ती उंबऱ्याबाहेरून विचारायची, आणि घरधनीण उत्तर देईपर्यंत तिच्या हातात झाकण असायचं आणि नाक थेट वाफेत. त्यात लबाडी नव्हती. घासभर उचलून तोंडात टाकणारी ती बाई नव्हे. तिला फक्त कळायला हवं असे. शेजारणीची सून माहेराहून परत का येत नाही, पाद्रीबाबाची दाढी पिकली तरी भुवया काळ्याभोर कशा, आगगाडीचं इंजिन एवढं पाणी पितं तर मग जातं कुठं? हा शेवटचा प्रश्न तिनं एकदा ठाणे स्टेशनात भर दुपारी एका टोपीवाल्या बाबूला विचारला होता. बाबू लाजून दुसऱ्या डब्यात जाऊन बसला.

तिचं सासर कल्याणच्या बंदरावरचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला, मागं मूलबाळ नाही. कोळ्यांत विधवेनं पाट लावायला आडकाठी नसते आणि जनीला विचारायला माणसं आलीही. पण येत ते नवरी बघायला, आणि उलटतपासणी व्हायची त्यांचीच. पहिली का गेली रं तुझी? ताडी किती लागते? झोपेत घोरतोस का? एकजण तर पाणी पिऊन जो उठला तो टोपी विसरून गेला. ती टोपी पुढं जनीच्या घरात चुलीवरची भांडी उतरवायला वापरत. शेवटी ती भाऊ नाथाच्या घरीच राहिली, डोक्यावर टोपली घेतली आणि बंदरावरची मासळी ठाण्याच्या बाजारात विकू लागली.

नाथाला लग्नानंतर बऱ्याच उशिरा मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून जनीनंच कानात नाव सांगितलं, आवडी. त्यानंतर त्या मुलीचा कान काही जनीनं सोडला नाही. सकाळी आईनं पाजलं की आवडी आत्याच्या कमरेवर चढायची, आणि दिवसभर कोळीवाडा, बंदर, बाजार असा तिचा दरबार फिरायचा. डोक्यावर मासळी, कमरेवर आवडी, आणि तोंडानं गप्पा. आवडीही आत्याची भाची शोभायची. जे दिसेल त्याच्याकडं मान काढून बघायची, बोट लावायची, आणि जमलं तर तोंडात घालायची. लोक म्हणत, जनीला पोटचं झालं असतं तर ते असंच झालं असतं. जनी वरून म्हणे, "चल, मेल्या!" आणि आतून दिवसभर खूष असे.

आता बारशाचा मान जसा आत्याचा तसा उष्टावणाचा मान मामाचा. दुधाखेरीज पहिलं अन्न बाळाच्या तोंडात पडायचं ते मामाच्या हातून, आणि मुलगी असेल तर पाचव्या, सातव्या किंवा नवव्या महिन्यात. शिवाय कोळीवाड्याची पक्की समजूत, की ज्याच्या हातचा पहिला घास, त्याची खोड मुलाला लागते. नाथाला म्हणे त्याच्या मामानं पेंगत पेंगत भरवलं होतं. त्यामुळं नाथा मोठा झाला तरी दुसऱ्या भाकरीला डुलक्या घ्यायचा. त्याचा बाप धोंडीबा हे कौतुकानं सगळ्यांना सांगे.

आवडीचा मामा म्हणजे दिवा गावचा राघो, नाथाच्या बायकोचा, हौसाबाईचा, थोरला भाऊ. मचव्यावर, म्हणजे मालाच्या शिडाच्या होडीवर, तांडेल, खलाशांचा म्होरक्या. ठाण्याच्या मिठागरांतलं मीठ भरून खाडीनं कल्याणला न्यायचं, येताना भाताची पोती आणायची. मिशा अशा की वारा कुठला ते मिशांवरून कळावं. आणि मानापानाला इतका हळवा की एका लग्नात विडा आधी दुसऱ्याला दिला म्हणून हा गडी मांडवातून उठून तडक मचव्यात जाऊन बसला होता. असल्या मामाचा मान कोण चुकवणार? पाचव्या महिन्यात त्याचा निरोप आला, चांदीची वाटी सोनाराकडं आहे, थांबा. सातवा महिना पितृपक्षात सापडला. म्हणून मग नववा ठरला, दिवाळीनंतरचा.

तोवर आवडी नुसत्या दुधावर. पण गाल बघावेत तर वर आलेल्या पुरीसारखे! कोळीवाड्यातल्या बाया हौसाच्या दुधाची तारीफ करत. हौसा मात्र तिच्याकडं बघून कधीकधी विचारात पडे. संध्याकाळी पाजायला घेतलं तर ही दोन घोट घेऊन तोंड फिरवायची, पंगतीवरून उठल्यासारखी.

इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी जनीनं घरात सांगितली नव्हती. बंदरावर मासळीचा लिलाव लागला की तिथं रेटारेटी, शिव्या, निसरडं. तेवढ्या वेळापुरती ती आवडीला बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या लुसीच्या पडवीत ठेवायची. लुसी आणि तिचा नवरा जेरोम हे पोर्तुगिजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती शेतकरी. भाताची खाचरं, चार ताडाची झाडं, एक बोका. लुसी मायेची बाई, तेव्हा काळजी नव्हती. पण घरात सांगितलं असतं तर बाप, भाऊ, वाड्यातले पंच, सगळ्यांनी प्रश्न विचारले असते. जनीला प्रश्न विचारायला आवडत. उत्तरं द्यायला नाही.

उष्टावणाचा दिवस उजाडला. राघो आला तो नवा कोट घालून, लाल टोपी तिरकी करून, हातात चांदीची वाटी. त्याला बघताच आवडी हौसाच्या मांडीवरून खिदळत झेपावली. सगळ्या बाया हरखल्या. "बघ गो, रक्ताची ओढ! मामाला कधी धड बघितला नाय, तरी कसा ओळखला!"

राघोनं टोपी जरा आणखी तिरकी केली.

पाटावर मामा, मामाच्या मांडीवर आवडी, समोर तांदळाची खीर. राघोनं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. आवडीनं चाखलं. कपाळाला आठी घातली. मग सगळी खीर जिभेनं सावकाश बाहेर ढकलली, अगदी नको असलेला पाहुणा दाराबाहेर काढावा तशी.

"गोड नवीन हाय ना तिला," कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात शेजारी बसलेल्या धोंडीबाच्या ताटाकडं आवडीचं लक्ष गेलं. तिथं तळलेली बोय मासळी होती. कुणाला कळायच्या आत तिनं हात घातला, तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि खालच्या दोन दातांनी व हिरड्यांनी सराईतपणे चावू लागली. मग तिची जीभ गालात फिरली. बारीक काटा जिभेच्या टोकावर आला. तो तिनं दोन बोटांत धरला आणि मागं न बघता डाव्या खांद्यावरून भिरकावला. काटा राघोच्या नव्या कोटावर बसला.



"हे तोंड," धोंडीबा हळूच म्हणाला, "पहिल्यांदा जेवत नाय."

मग जो गदारोळ झाला! राघो आवडीला हौसाकडं देऊन ताडकन उठला. "माझ्या आधी कुणी भरवलं हिला? कुणाच्या हातचं खाल्लं पोरीनं? नाव कळल्याबिगर मी या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाय!" पण आधीच्या पंगतीत तो जेवून बसला होता हे बरं, नाहीतर उपाशी जावं लागलं असतं.

भाऊ गेला आणि हौसा वळली ती जनीकडं. "मुलगी दिवसभर कुणाकडं असते गो?"

"वयनी, एकवीरेची आण, मी दाणा नाय घातला तिच्या तोंडात!"

"तू नाय, मग कोण? तुझ्या कमरेवरून उतरून एकटीच जेवायला जात होती का?"

हौसानं आवडीला उचलून घेतलं. "जवर भरवणारा सापडत नाय, तवर ही माझ्याजवळ. तुझ्याकडं परत नाय."

दुसऱ्या दिवशी जनी बाजारात निघाली ती रिकाम्या कमरेनं. पण सवय अशी की चालताना कंबर डावीकडं वाकलेलीच, जणू अजून कुणी बसलंय तिथं. "काय गो जनी, भूत घेतलंस काय कमरेवर?" एका मासळीवालीनं विचारलं. एरवी जनीनं तिला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी ती नुसतीच पुढं गेली, आणि बाजारातल्या बायांना पहिल्यांदा खरंच काळजी वाटली.

पण उत्सुकता हा काही साधा आजार नव्हे, दुःखानं उतरायला. संध्याकाळपर्यंत जनीच्या डोक्यात एकच भुंगा लागला. भरवलं कुणी? आणि तो काटा असा मागं टाकायला कुणी शिकवलं? पहिल्या घासाची खोड लागते हे जर खरं, तर ज्यानं भरवलं तोही काटा तसाच टाकत असणार!

आधी ती लुसीकडं गेली. लुसी पडवीत भात पाखडत होती.

"लुसीबाय, खरं सांग. आवडीला तू भरवलंस?"

"येशूची आण, मी तुझ्या पोरीला पाणीसुद्धा नाय पाजलं. तुमच्या लोकांचे कायदे मना ठाऊक नाय काय?"

"मग तुझ्या पडवीत दुसरं कुणी?"

लुसीनं सूप जोरजोरात हलवायला सुरुवात केली. "माझ्या पडवीत कोण बसतं, कोण पितं, ते मना विचारू नको. मी बोल दिलाय."

"कुणाला?"

"सांगितलं तर बोल कसला गो?"

आता लुसी खोटं बोलत नसे, पण गप्प बसायला लागली की देवळाच्या दगडासारखी बसायची. जनी निघाली, पण निघताना दोन गोष्टी पदरात बांधून निघाली. पडवीत कुणीतरी बसतं. आणि पितं.

मग आठवडाभर कोळीवाड्यात एक चमत्कार झाला. जनी लोकांकडं जेवणाच्या वेळेला जाऊ लागली आणि भांड्यात नाक न घालता माणसांच्या तोंडाकडं टक लावून बसू लागली. घास गेला की तिची नजर घासाबरोबर जाई आणि काट्याबरोबर परत येई. केवढं काय काय कळलं तिला त्या आठवड्यात! धोंडीबा म्हातारा काटे काढतच नाही, सगळं गिळतो आणि वर भात खातो. नाथा काटे ताटाच्या कडेला रचतो आणि रचता रचता झोपतो. जेरोम प्रत्येक काटा बोक्याला नाव घेऊन देतो. उपास सांगणारी एक सोवळी म्हातारी सुकट खाऊन तोंड पुसते. पंचांपैकी एकजण तर नवरा-बायकोच्या भांडणात निवाडा देणारा, पण घरात बायकोनं डोळा वटारल्याशिवाय दुसरी भाकरी मागत नाही. एरवी यातली एकेक बातमी जनीनं महिनाभर पुरवून खाल्ली असती. आता तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. काटा खांद्यावरून टाकणारा एकही नव्हता. टाकेल कसा? घराच्या भिंतीवर काटा मारला तर बायको लाटणं मारेल.

उलगडा झाला तो बंदरावर. वरच्या कुठल्या गावचा मचवा लागला होता, चुन्यानं भरलेला. खलाशी जेवत होते. मचव्यात सगळीकडं माल, बसायला जागा नाही, म्हणून गडी काठावर ओळीनं बसले होते, तोंड आत, पाठ पाण्याकडं. आणि प्रत्येकजण तोंडातला काटा काढायचा आणि मागं न बघता खांद्यावरून खाडीत टाकायचा. टुप्. टुप्. टुप्.

जनीनं टोपली खाली ठेवली आणि त्या टोपलीवरच बसली.

चेंदणीच्या होड्या लहान. सकाळी गेल्या की दुपारी घरी, जेवण चुलीजवळ. काठावर बसून जेवतो तो मचव्यावरचा माणूस. आणि आवडीला ओळखणारा मचव्यावरचा माणूस साऱ्या खाडीत एकच. तिला उष्टावणाचा दिवस सगळा डोळ्यांसमोर आला. रक्ताची ओढ म्हणे! पोरगी झेपावली होती ती ओळखीच्या माणसाकडं. आणि तो त्याआधी पंगतीत बसला होता तेव्हा काटे कसे ठेवत होता? ताटाच्या कडेला, एकाजवळ एक, मोती मांडावेत तसे. आयुष्य मचव्यावर काढलेला तांडेल आणि असा नाजूक! जो माणूस आपली खोड लपवतो त्याला ती खोड कुठं दिसली असेल हे ठाऊक असतं.

आणि लुसीच्या पडवीत का बसायचा हेही कळलं. राघोनं आईच्या समक्ष एकवीरेच्या पायरीवर हात ठेवून ताडी सोडली होती. दिव्याला सगळं गाव त्याचं कौतुक करतं. जेरोमची चार ताडाची झाडं मात्र ठाण्यात होती.

राघोचा मचवा मीठ भरायला परत आला त्या दिवशी जनी हौसाजवळ गेली. "वयनी, भावाची समजूत काढायची नाय? उंबऱ्याच्या आत येणार नाय म्हणाला, बंदरावर येणार नाय असं तर नाय म्हणाला. मी बोय तळते, भात करते. आपण दोघी जाऊ. आवडीला तूच घे."

हौसानं तिच्याकडं निरखून बघितलं. जनीनं पहिल्यांदा मान खाली घातली. "चल," हौसा म्हणाली.

दुपारचं ऊन खाडीवर चकाकत होतं. राघो आपल्या मचव्याच्या काठावर बसला होता, उघडा, कमरेला रुमाल, नवा कोट कुठंच नाही. बहिणीला बघून त्यानं मान फिरवली. पण तळल्या बोयीचा वास मान फिरवून जात नाही. शिवाय आवडीनं त्याला बघताच हात पसरून आरोळी ठोकली. हौसानं तिला त्याच्याशेजारी काठावर बसवलं, पाठीला स्वतःचा हात लावून. जनीनं मधे ताट ठेवलं.

"खा रं दादूस. राग ताटावर काढू नको."

राघोनं घास घेतला. मग दुसरा. मासा ताजा होता, भूक खरी होती, मागून खाडीचा वारा येत होता. तो बोलू लागला. "मी म्हणतो, पंच बसवा. ज्यानं माझ्या भाचीला भरवलं त्याला सगळ्यांसमोर उभा करा. नाव तरी कळू दे त्याचं." बोलता बोलता त्यानं भात बोटांनी अगदी मऊ कुस्करला, माशाचा काटा काढलेला गर त्यात मिसळला आणि इवलासा घास आवडीच्या तोंडात दिला. दिला आणि कळलंच नाही त्याला आपण काय केलं ते. आवडीनं तो डोळे मिटून खाल्ला. गरात एक बारीक काटा राहिलाच होता. इकडं राघोच्याही दाताखाली काटा आला.

मामाची जीभ फिरली. भाचीची जीभ फिरली. मामानं दोन बोटांत धरला, भाचीनं दोन बोटांत धरला. आणि दोघांनी एकदमच, मागं न बघता, डाव्या खांद्यावरून.

टुप्.

पलीकडं बसलेला एक खलाशी हसू आवरायला दोरखंडात तोंड लपवू लागला. राघोचा पुढचा घास हातातच राहिला.

"दादूस," हौसा हळू आवाजात म्हणाली, "तू?"

राघोच्या मिशांतला वारा पडला. "काय करू गो? माझं जेवण चाललं की समोर बसायची. हात ताटात गेला की डोळे ताटात, हात तोंडाकडं आला की डोळे तोंडाकडं. आणि तोंड आपोआप उघडायची, माझ्याबरोबर. पिल्लावाणी. एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तुमचा पितृपक्ष काय तिला कळतो? एक घास दिला. मग रोजच मागायला लागली. आणि मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांसमोर कसं सांगू, की वाटी आणलीय चांदीची, पण जेवण कधीच होऊन गेलंय?"

"म्हणून माझ्या घरात येऊन ओरडलास?"

"ती मासळी खाईल असं कुठं वाटलं होतं मना!"

हौसाला हसू येत होतं, पण तिनं ते ओठांत धरलं. "आणि हे कुठं चालायचं? कुठं बसून भरवायचास?"

आता राघोनं जनीकडं बघितलं. जनीनं राघोकडं बघितलं. एक शब्द, आणि सारं दिवा गाव ताडीच्या गोष्टीवर वर्षभर जेवलं असतं. पण त्याच शब्दात लुसीची पडवी होती, आणि पडवीत आवडीला सोडून जाणारी जनी होती. जिच्या जिभेला उभ्या जन्मात कधी दार नव्हतं, तिनं जीभ दातांमागं ठेवली.

"इथंच. बंदरावर," राघो म्हणाला.

"बंदरावर," जनी म्हणाली. "माझ्या डोक्यावर टोपली होती, म्हणून यानं घेतलं तिला."

हौसानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग आवडीला उचललं, तिचं तोंड पदरानं पुसलं आणि सरळ जनीच्या कमरेवर बसवलं. जनीची कंबर आपसूक डावीकडं वाकली. आवडीनं तिचा कान धरला.

"मग मान मामाचा मामालाच मिळाला की," हौसा म्हणाली. "घरी चल दादूस, सासऱ्यांना सांग. उंबरा काय पळून जात नाय."

राघो अंगात सदरा घालायला वळला, तशी हौसा जनीच्या जवळ सरकली. "आणि जनीबाय, लुसीला सांग, पोरीला तिचं दुपटं पांघरवू नको. दोनदा आंघोळ घातली तरी पोरीच्या अंगाचा ताडीचा वास जात नाय."

जनीचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्या कोळीवाड्यात तिला ठाऊक नसलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक असावी! "वयनी, म्हणजे तुला... मग विचारलं का नाय मना?"

"विचारायचं काम तुझं," हौसा म्हणाली. "मी तू सांगायची वाट बघत होते."

त्यानंतर लुसीची पडवी घरात उघड बोलली जाऊ लागली, आणि जेरोमकडं जाणाऱ्या राघोनं ताडी खरंच सोडली की जागा बदलली, याचा छडा जनी बरीच वर्षं लावत राहिली. आवडीला घरात मऊ भात, माशाचा गर, नाचणीची पेज, सगळं राजरोस मिळू लागलं. खिरीला मात्र तिनं मरेपर्यंत तोंड लावलं नाही. आणि काट्याची सवय तिला जाईना. पुढच्याच रविवारी जेवण झाल्यावर धोंडीबा अर्धा दिवस आपल्या लाल टोपीत काहीतरी टोचतंय म्हणून कुरकुरत होता. जनीला ठाऊक होतं काय टोचतंय. ती त्याच्यासमोर बसून, आवडीला मांडीवर घेऊन, म्हातारा टोपी कधी काढतो याची वाट बघत राहिली.